साल

आजा झेफेरीनो शाळेत गेला नाही.
पहिलं जे वाचलं ते झाडावर: नऊ,
चुन्याने बुंध्यावर काढलेला, डोक्याच्या हातभर वर.
तेव्हा तो बारा वर्षांचा, अनवाणी,
टोळीला पाणी पाजणारा पोऱ्या.
हातात बुचाच्याच सालीची ओगराळी,
एकाने घोट घेतला की दुसऱ्यापुढे,
मुकादम आधी.

त्याही आधी डुकरं राखली.
ओकाखाली पडलेली फळं डुकरं खायची
आणि वाईट महिन्यांत तोही.
लाज कसली, म्हणायचा,
निवडायला त्यांनीच शिकवलं.

आलेंतेजोत बुचाच्या झाडाची साल नऊ वर्षांनी काढतात.
ज्या साली साल निघाली
त्या सालाचा शेवटचा आकडा बुंध्यावर लिहितात,
कुणी घाई करू नये म्हणून.
एकोणपन्नासचा नऊ, अठ्ठावन्नचा आठ,
पुढे सात, पुढे सहा.
माणूस चढत जातो, झाड उतरत येतं.
हे त्याला फार उशिरा उमगलं
आणि मग दर जेवणात सांगायचा.

कुऱ्हाड मारायची ती ऐकण्यासाठी.
आवाज पोकळ आला तर साल सुटायला तयार आहे.
पातं खोल गेलं तर आतल्या पापुद्र्याला लागतं;
त्या पापुद्र्याला तिथे आईच म्हणतात.
तिला दुखवलंस, तर झाड तुला विसरत नाही.

आठच्या साली देओलिंदा.
सालीच्या रसाने काळे पडलेले हात
राखेने घासले, लिंबाने घासले, निघेना.
म्हणून लग्नाच्या फोटोत त्याचे हात पाठीमागे.

सात त्याने लिहिला नाही.
तोंडाला बूच मारलेल्या त्या देशातून
रात्रीच्या डोंगरवाटेने तो पायी निघाला होता.
तोच फोटो मधोमध फाडला,
तिच्याकडे ती, त्याच्या खिशात तो.
पोचल्यावर त्याचा अर्धा टपालाने आला,
तेव्हाच देओलिंदाने वाटाड्याचे उरलेले पैसे मोजले
आणि कणकेच्या खळीने नवरा परत चिकटवला.
जोड अजून दिसतो.
पॅरिस कसं होतं विचारलं की म्हणायचा, चिखल.
परतला तेव्हा माझी आई सहा वर्षांची.
तिने त्याला अहो साहेब म्हटलं.

मग जमीनदार पळाले, जमीन सगळ्यांची झाली,
आणि सगळ्यांना पैसे हवे होते. आत्ता.
पंचाहत्तरच्या उन्हाळ्यात पोरं कुऱ्हाडी घेऊन आली.
आजा झाडाला पाठ लावून बसला:
आठ झाली, नऊ नाही.
त्याला मालकाचं कुत्रं म्हणाले.
ज्याने म्हटलं त्याच्याच मुलाचा बाप्तिस्मा
पुढच्या वर्षी, त्याच्याच मांडीवर.
पण तो शब्द त्याने कधी पुसला नाही.

पाच आणि चारच्या मधल्या वर्षांबद्दल तो बोलत नसे.
अमिल्कारमामाची मोटरसायकल गोठ्यात आहे,
तिच्यावर कोंबड्या बसतात.

तीनला देओलिंदा नव्हती.
दोनला गुडघे नव्हते; खुर्ची टाकून बसला
आणि मला नुसतं म्हणत राहिला, थांब, ऐक.
एक मी काढला, त्याच्या देखत.
वाकडा आलाय, म्हणाला.
आता पुढचा शून्य. तो मी काढणार, तू शिडी धर.
मनात हिशेब केला: त्र्याण्णव.
त्यानेही केला असणार,
कारण लगेच पाणी मागितलं.

पुरून आलो त्या संध्याकाळी
कुणीतरी दारू उघडताना बूच मोडलं, शिवी हासडली.
अर्धा तुकडा टेबलावरून घरंगळत माझ्याकडे आला.
दिव्याखाली धरून त्यावरच्या रेघा मोजल्या,
पुन्हा मोजल्या.
सहाच.
कुठल्यातरी रानात कुणीतरी घाई केली होती,
आणि झाडाला पाठ लावून
तिथे कुणी बसलं नव्हतं.